नाद आणि नांदणं

घराबद्दल बोलताना आपण एक शब्द फार सहज वापरतो: नांदतं. दाराशी चपला, दोरीवर ओला टॉवेल, ओट्यावर झाकून ठेवलेलं दूध, दिवाणावर कुणीतरी पालथं घातलेलं पुस्तक. एवढ्यावरून घर नांदतं आहे हे कळतं. दुसरा शब्द नाद. गाण्यांचा नाद, नाटकांचा नाद, सिनेमाचा, रेडिओचा, दिवाळी अंकांचा. नाद असलेलं घरही उंबऱ्यातूनच ओळखू येतं. मात्र नादापायी जमलेल्या वस्तू त्या घरात नांदतातच असं नाही. हौसेनं आणलेल्या तबकड्या माळ्यावर जातात, कॅसेटी बुटांच्या खोक्यात, दिवाळी अंक सुतळीत बांधून पलंगाखाली. दहा वर्षांनी खोकं उघडलं की बुरशीचा वास येतो, आणि मग रद्दीवाल्याला बोलावलं जातं.

पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा मोठा संग्रह आहे. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, पानाचे डबे अशा घरगुती वापराच्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि १९७५ साली तो संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. काचेआडचा अडकित्ता सुपारी कातरत नाही, आणि त्यानं कातरूही नये. वस्तूचं वय आहे तिथे थांबवणं हे संग्रहालयाचं कामच आहे. त्यासाठी त्यांच्याकडे माणसं असतात. पुण्यातच १९६४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात फिल्मची रिळं नियंत्रित तापमानात ठेवावी लागतात. दोन खोल्यांच्या घरात हे जमणार नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. घराकडे मात्र एक गोष्ट आहे जी संग्रहालयाकडे नसते: रोजचा हात. रोज उघडलेल्या कपाटात हवा खेळते. वर्षातून एकदा वाजलेल्या कॅसेटची फीत एकमेकींना चिकटत नाही. दर रविवारी फिरणाऱ्या रेकॉर्ड प्लेयरचं रबर एका जागी दबून राहत नाही, वंगण गोठत नाही. वापरानं वस्तू झिजते हे खरंच. पण आपल्या हवेत न वापरलेली वस्तू त्याहून लवकर जाते.

म्हणून पहिला प्रश्न जागेचा. वस्तू दोन पावलांत, स्टुलावर न चढता हाताला आली पाहिजे. हे जमलं नाही की पुढची सगळी काळजी वाया जाते.

तबकड्यांपासून सुरुवात करू, कारण घरातल्या फर्निचरशी त्यांचंच सर्वांत जास्त वाकडं असतं. बारा इंची तबकडीचं वेष्टण साधारण साडेबारा इंच चौरस असतं. आपल्याकडची जुनी शोकेस बाहुल्या, कप आणि पदकं ठेवायला केलेली. तिची खोली नऊ-दहा इंच. तबकड्या त्यात ठेवल्या की पुढे डोकावतात, सरकती काच लागत नाही, येता-जाता धक्का बसतो आणि वेष्टणाचे कोपरे मऊ पडतात. सुताराला ‘बारा इंच खोल’ सांगितलं तर तो बाहेरून बारा धरतो, आत सव्वाअकराच उरतात. त्याला आतलं माप सांगावं: खोली तेरा इंच, उंची साडेतेरा. दुसरी चूक वजनाची. एका फुटात सत्तरएक तबकड्या बसतात आणि त्यांचं वजन सोळा ते अठरा किलो भरतं. तीन फुटांची फळी म्हणजे पन्नास किलो, एक माणूस कायमचा फळीवर बसवल्यासारखं. १८ मिलिमीटरचं प्लायही तेवढ्या लांबीवर मध्ये झोल खातं. दर दीड-दोन फुटांवर उभा आधार हवा. पार्टिकल बोर्ड नकोच. त्यात पाणी शिरलं की ते फुगतं आणि स्क्रू सोडतं. प्लाय घेताना त्यावर आयएस ७१० चा शिक्का पाहावा. ते पावसाळी दमटपणा सोसतं. आणि हे सगळं वजन जमिनीवर उतरू द्यावं. चार इंची विटेच्या आडभिंतीला ठोकलेल्या ब्रॅकेटवर नको.

तबकड्या उभ्याच ठेवायच्या, सरळ, एकमेकींना टेकून पण दाबून नाही. थोड्या जरी कलल्या तरी मे महिन्याच्या उकाड्यात वाकतात. आडव्या थप्पीत खालच्या तबकडीवर सगळं वजन येतं आणि वेष्टणावर आतल्या तबकडीचं गोल वण उठतं.

आता धुणं. साध्या व्हिनाइलच्या तबकडीला कोमट पाणी आणि लिटरमागे भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब पुरतात. मऊ कापडानं खाचांच्या दिशेनं, म्हणजे गोल, पुसायचं. आडवं कधीच नाही. मधल्या कागदी लेबलवर पाणी जाऊ द्यायचं नाही. शेवटचं विसळणं डिस्टिल्ड वॉटरनं करावं, तेच जे गाडीच्या बॅटरीत घालतात. नळाचं पाणी सुकताना क्षार मागे ठेवतं आणि तेच पुढे तडतडतात. वाळवायला स्वयंपाकघरातलं ताटाळं उत्तम. तबकडी त्यात उभी राहते, पाणी निथळतं. फक्त तारांवर फडकं गुंडाळावं, म्हणजे चरे पडणार नाहीत. उन्हात ठेवायची नाही. ताटाळ्यात ताटांशेजारी एखादी तबकडी निथळते आहे, हे दृश्य कुठल्याही सजवलेल्या भिंतीपेक्षा घराबद्दल जास्त सांगून जातं.

जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची गोष्ट वेगळी. त्या लाखेच्या असतात. हातात जड, टिचकी मारली तर कौलासारख्या वाजणाऱ्या, बहुतेक दहा इंची, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. पुष्कळ मोठ्या गवयांनी राग तीन मिनिटांत बसवला तो याच तबकडीच्या मापानं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. व्हिनाइलला चालणारं अल्कोहोलचं द्रावण यांच्यावर फिरवलं की खाचा कायमच्या जातात. नुसतं किंचित साबणाचं पाणी घ्यावं, तेही झटपट, आणि लगेच कोरडं करावं. सुईही निराळी लागते: एलपीची, म्हणजे बारा इंची व्हिनाइल तबकडीची, सुई साधारण १८ मायक्रॉनची, ७८ ची जवळजवळ ७५ ची. एलपीची बारीक सुई ७८ वर लावली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते, आवाजापेक्षा खरखर जास्त येते आणि सुई खराब होते ती वेगळीच. उलट केलं, तर एलपी जाते.

प्लेयर ठेवताना बुडबुड्याच्या लेव्हलनं चारी बाजू समपातळीत करून घ्याव्यात. सुई जिच्यात बसते त्या डबीला कार्ट्रिज म्हणतात. आजच्या बहुतेक मॅग्नेटिक कार्ट्रिजना तबकडीवर दीड ते अडीच ग्रॅम भार चालतो, आणि नेमका आकडा त्या कार्ट्रिजच्या कागदावर असतो. पुष्कळांना वाटतं भार कमी केला की तबकडी कमी झिजेल. होतं उलटं. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, उड्या मारते आणि खाचेच्या भिंतीच टोचते. हिऱ्याची सुई पाचशे ते हजार तास चालते. रोज एक तबकडी, म्हणजे पाऊण तास, ऐकणाऱ्या घरात दोन ते साडेतीन वर्षं. जुन्या वाड्यांतल्या लाकडी जमिनीवर मूल धावलं की सुई उडते. तिथे प्लेयरपुरती एक फळी भिंतीत पक्की करावी. त्याच फळीवर स्पीकर मात्र ठेवू नये. स्पीकरची थरथर सुईत शिरते आणि घुमल्यासारखा आवाज वाढत जातो.

कॅसेटीवर थोडं जास्त थांबायला हवं. तबकडी विकत मिळे, कॅसेट विकतही मिळे आणि घरी भरताही येई. १९६३ साली फिलिप्सनं ती आणली आणि पुढे आपल्या घराघरांत शिरली ती या दुसऱ्या गुणामुळे. सिनेमाच्या गाण्यांच्या कॅसेटवर मध्येच कुणाचं बारसं भरलेलं असतं, मंगळागौरीची गाणी असतात, जात्यावरच्या ओव्या आठवून आठवून म्हणणारा आजीचा आवाज असतो, मागे कुकरची शिट्टी असते. बाजारातली गाणी पुन्हा मिळतील. ही कॅसेट जगात एकच आहे. म्हणून खोक्यातली एकही कॅसेट वाजवून पाहिल्याशिवाय टाकू नये, लेबलवर काहीही लिहिलेलं असो.

आधी मात्र ती खिडकीपाशी धरून पारदर्शक भागातून फितीची गुंडाळी बघावी. कडेला पांढरी भुकटी किंवा कापसासारखे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालायची नाही. बीजं फीत वाचणाऱ्या हेडवर आणि ती पुढे सरकवणाऱ्या रोलरवर बसतात आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागतात. ती वेगळ्या पिशवीत ठेवून कोरड्या दिवसांत, नाकातोंडाला मास्क लावून, घराबाहेर साफ करावी. फीत सावकाश गुंडाळत नेत मऊ कोरड्या कापडातून ओढत जायची, एवढंच. घाई केली की फीत ताणली जाते, आणि ताणलेल्या जागी सूर कायमचा हलतो.

फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. सी-६० ची, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटची, फीत सोळा-अठरा मायक्रॉन जाड, सी-९० ची बाराच्या आसपास, सी-१२० ची नऊच. दोन तासांची कॅसेट स्वस्तात पडते म्हणून घेतलेल्या घरांतल्या फिती आज सर्वांत जास्त अडकतात, गुंडाळल्या जातात, तुटतात. त्याचं कारण या आकड्यांत आहे.

आवाज दबका, बुडाल्यासारखा येत असेल तर बहुतेक वेळा फीत ठीक असते. कॅसेटच्या तोंडाशी फितीमागे एक चिमुकला नमद्याचा तुकडा असतो, तो फीत हेडवर दाबून धरतो. त्याचा गोंद वाळला की तो गळून पडतो. उपाय कवच बदलणं. स्क्रूचं कवच असलेली एक कोरी कॅसेट घ्यायची, पाच स्क्रू काढायचे, वरचं झाकण अलगद उचलायचं. आत दोन्ही बाजूंना पातळ घसरते कागद असतात आणि खालच्या दोन कोपऱ्यांत छोटी चाकं. जुन्या कॅसेटमधल्या दोन्ही चकत्या फितीसकट एकदम उचलून नव्या कवचात ठेवायच्या आणि फीत दोन्ही चाकांच्या बाहेरून, दाबपट्टीच्या पुढून जाते आहे ना ते पाहायचं. इथेच बहुतेकांची चूक होते: फीत चाकाच्या आतून जाते, झाकण बसतं, आणि पहिल्याच मिनिटाला फीत कुरतडली जाते. झाकण लावण्याआधी पेन्सिल घालून दोन-चार फेरे फिरवून बघावे. जुनं कवच स्क्रूचं नसून चिकटवलेलं असेल तर शिवणीवर पात्याचं टोक थोडं थोडं फिरवत उघडावं लागतं. तुटलेली फीत जोडायला साधी चिकटपट्टी वापरू नये. तिचा गोंद उकाड्यात कडेनं पाझरतो आणि शेजारच्या फेऱ्याला चिकटतो. फितीसाठी वेगळी जोडपट्टी मिळते. तिरपा छेद घेऊन, टोकाला टोक भिडवून, ती मागच्या बाजूला लावायची.

घरातल्या आवाजाच्या कॅसेटची मागच्या कडेची दोन्ही इवली झाकणं आजच मोडून टाकावीत. ती मोडली की डेक त्यावर पुन्हा भरू शकत नाही. कितीतरी आज्यांचे आवाज एखाद्या शनिवारच्या गाण्यांखाली गेले आहेत ते या दोन झाकणांपायी.

मग तिची संगणकावर प्रत. डेकच्या लाइन आउटमधून, हेडफोनच्या भोकातून नाही. हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं आधी पुसून घ्यावं. दुकानातलं सर्जिकल स्पिरिट नको, त्यात पाणी आणि इतर घटक असतात. रबरी रोलरला मात्र साबणाचं ओलसर कापडच बरं. अल्कोहोलनं रबर कोरडं पडत जातं. एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे अशी फीत गुंडाळून घेतली की ताण सारखा होतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर भरलं तर तासाची कॅसेट साधारण एक गीगाबाइट होते. आवाजाची पट्टी सर्वांत मोठ्या हशालाही उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ नये. खरखर काढायचा मोह आवरावा. निदान मूळ प्रत तशीच ठेवून दुसऱ्या प्रतीवर काय ते करावं. कुकरची शिट्टी त्या आवाजाचाच भाग आहे.

दिवाळी अंकांचं दुखणं कागदात असतं. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरात दर आश्विनात छापील कागदाची थप्पी येते आहे. गोव्यात जन्मलेल्या दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं तर लोक निव्वळ बघण्यासाठी ठेवत. आतला कागद मात्र बहुतेक वेळा स्वस्त, लाकडाच्या लगद्याचा. उजेडात पिवळा पडतो, कडेनं ठिसूळ होतो. पहिला शत्रू पिन. ती गंजते आणि मधल्या पानावर तांबूस डाग पाडते. अंक मधोमध उघडून पिनेचे पाय आतून सुरीच्या बोथट टोकानं उभे करायचे, मग बाहेरून काढायची, आणि त्याच भोकांतून पांढऱ्या सुती दोऱ्याचे दोन टाके घालायचे. पाच मिनिटांचं काम आहे. अंक नरम असतात, उभे ठेवले की पोटातून वाकतात. आडवे, आठ-दहाची थप्पी करून ठेवावेत.

बांधणी करून घ्यायची असेल तर बाइंडरला तीन गोष्टी आधी सांगाव्या लागतात, नाहीतर तो सवयीनं उलट करतो. मुखपृष्ठं आणि मलपृष्ठं काढू नका. जाहिरातींची पानं काढू नका. कटिंग कमीत कमी घ्या. बाइंडर तीन बाजूंनी यंत्रावर कड कापतो आणि समासातली चित्रं, कधी ओळींची टोकंही जातात. जाहिरातींचं तर फारच वाईट वाटतं. कथा पुढे पुस्तकात येतात. पण त्या वर्षीचा साबण, त्या वर्षीचा रेडिओ, सहकारी बँकेच्या शुभेच्छा आणि नाटकाच्या दौऱ्याची चौकट पुन्हा कुठेच छापली जात नाही. लॅमिनेशन करूच नये. प्लास्टिक आतली आम्लता कोंडून ठेवतं आणि ते परत काढता येत नाही.

पोस्टरं मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात मिळतात, बहुधा घडी केलेली. मागून लावलेली चिकटपट्टी पिवळी पडलेली असते. ती ओढून काढायची नाही, कागदाचा थर सोबत येतो. फ्रेम करताना पोस्टर काचेला टेकू देऊ नये. दमट हवेत शाई काचेला चिकटते; मध्ये निदान तीन मिलिमीटरची माउंटची खिडकी हवी. तीस बाय चाळीस इंचाच्या पोस्टरला ४ मिलिमीटरची काच लावली तर नुसती काच साडेसात किलोच्या पुढे जाते. ३ मिलिमीटरचं ॲक्रिलिक पावणेतीन किलोत बसतं आणि पडलं तरी फुटत नाही. ॲक्रिलिक कोरड्या फडक्यानं पुसू नये, आणि अमोनिया असलेलं काच पुसायचं निळं द्रावण त्याला लावू नये. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी गुंड्या चिकटवाव्यात, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यातून हवा जाते. पावसाचा मारा बसणारी पश्चिमेची भिंत टाळावी. दुपारचं ऊनही टाळावं: लाल आणि पिवळा रंग आधी उडतो आणि निळा मागे राहतो. जुन्या केशकर्तनालयांतली पोस्टरं निळसर दिसतात ती म्हणूनच. दुर्मीळ पोस्टर असेल तर त्याचं चांगलं स्कॅन करून भिंतीवर प्रत लावावी आणि मूळ सपाट ठेवावं. भिंतीला त्यानं काही कमीपणा येत नाही.

हे सगळं लक्षात कसं राहावं? वेगळं वेळापत्रक करू नये, ते पाळलं जात नाही. घराचं वेळापत्रक आधीच आहे. मृगाच्या आधी, वाळवणं आटोपत आली की कपाटं रिकामी करायची: पाठीमागची भिंत बघायची, कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे ओढायचं, कोपऱ्यात वाळवीची मातीची नळी आहे का ते पाहायचं. तबकड्या आणि अंक सावलीत, पंख्याखाली उघडे ठेवायचे. ओल शोषायला ठेवलेल्या निळ्या सिलिका जेलचे खडे गुलाबी झाले असतील तर ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दीड-दोन तास ठेवले की पुन्हा निळे होतात. स्वयंपाकाची भांडी मात्र त्यासाठी वापरू नयेत आणि मुलांच्या हाती ते लागू देऊ नयेत. पावसात उघडीप मिळेल त्या दिवशी कपाटाची दारं तासभर उघडी ठेवायची, संततधार असताना नाही. मग दसऱ्याच्या आधी, घर झाडायला काढतातच तेव्हा, दुसरी फेरी. कसर लागली असेल तर ती याच वेळी दिसते: पानांवर नागमोडी खरवड, बांधणीच्या खळीपाशी बारीक भोकं. जुन्या पोथ्या कापडात बांधून सोबत वेखंड ठेवत. पुरचुंडीत वेखंडाचे तुकडे आजही कामाला येतात. कडुलिंबाचा पाला घालायचा तर तो सावलीत पुरता वाळवूनच. ओला पाला ओल घेऊन येतो. डांबराच्या गोळ्या कपड्यांत ठीक आहेत, कॅसेटींत नकोत. त्यांच्या वाफेनं कॅसेटच्या डबीचं प्लास्टिक मऊ पडून चिकटू शकतं.

एक वस्तू मात्र अशी आहे की तिला यांतलं काहीच लागत नाही, आणि घरातली सर्वांत वापरलेली छापील वस्तू तीच असते. १९७३ साली ‘कालनिर्णय’ आलं आणि खिळ्यावर टांगलेल्या दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर वाचायला मजकूर मिळू लागला, म्हणून वर्ष संपलं तरी पानं राहिली. पण ठेवण्याजोगं खरं पुढच्या बाजूला असतं. चौकटीत पेनानं केलेल्या खुणा: दूध अर्धा लिटर जास्त, सिलिंडर लावला, पेपरवाल्याचे दिले, कुणाची परीक्षा, कुणाची तिथी, एखाद्या शनिवारी नाटकाची वेळ आणि पुढे तिकिटांची संख्या. डिसेंबर संपला की ही पानं शेल्फचे कप्पे झाकायला जातात. त्याआधी खिळ्यावरून उतरवून, वरची पत्र्याची पट्टी पक्कडीनं काढून, बारा पानं सपाट एका मोठ्या लिफाफ्यात घालावीत आणि लिफाफ्यावर फक्त साल लिहावं. जागा अर्धा इंचही लागत नाही. तबकड्यांच्या शेजारी, त्याच फळीवर बसतात.